खाणारा काळा

कापड छापायच्या त्या कारखान्यात तिला सगळे रंगवाली म्हणत. ठसे मारणारी माणसं पुढच्या खोलीत लांब टेबलांशी उभी असत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पिंपांच्या आंबट वासात, ती एकटी रंग करायची. काळा करावा तर तिनंच. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबत घालायचं, त्याची खळ करायची, चिंधीवर उमटवून पाहायचं. लोखंड कमी पडलं तर रंग राखाडी येतो. जास्त झालं तर काळा झकास दिसतो, पण धुता धुता कापडालाच खातो. तिची नखं कायमची काळी असत. "हिला मेंदीचा खर्च नाही," असं नवरा चारचौघांत म्हणायचा, आणि ती डोळे वटारायची.

नवरा लाकडी ठसे कोरायचा. कारखाना त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, पण गिऱ्हाईक यायचं ते धाकट्याच्या वेलांचे घागरे मागत. थोरल्याला ते सलायचं. धाकटा छातीच्या दुखण्यानं गेला आणि घरातलं रडं थांबतं न थांबतं तोच थोरल्यानं कपाट उघडून त्याचे सगळे ठसे अंगणात ओतले. ही नक्षी आता कोणी घेत नाही, उगाच जागा अडते, असं म्हणत एकेक ठसा कापड उकळायच्या भट्टीत सारला. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड ते, भडभडून पेटलं.

"एक तरी ठेवा, भाऊजी," ती म्हणाली.

"ठेवून काय, गप्पा मारणार आहेस त्याच्याशी?"

जाऊबाई दारात होती. तिनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी रंगवालीनं त्याच भट्टीवर कापड उकळत ठेवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई मोठ्या मनाची. ती डूख धरून बसली होती.

संधी चालत आली. एका बड्या व्यापाऱ्यानं थोरल्याच्या स्वतःच्या नक्षीचे घागरे मागवले. मोठाली फुलं आणि जाड काळ्या रेघा. थोरला हवेत होता. रंगवालीनं नेहमीचं पिंप बाजूला सारलं, नवं लावलं, आणि त्यात लोखंड घालताना हात आखडला नाही. घागरे उन्हात वाळत पडले तेव्हा रेघा नुसत्या लखलखत होत्या. काळा असावा तर असा, म्हणून दिरानं तिचं पहिल्यांदा कौतुक केलं. ती खाली मान घालून हसली.

गठ्ठे बांधताना पुतणीनं, दिराच्या लेकीनं, एक घागरा स्वतःसाठी काढून घेतला. नेसून शेडमध्ये आली, गिरकी घेतली. घेर भरून फिरला.

"काकू, कसा दिसतोय?"

ही पोर तिच्याच मांडीवर वाढलेली. घालू नकोस, एवढे दोनच शब्द. ते ओठांशी आले आणि तिथंच राहिले.

"छान," ती म्हणाली आणि पिंपाकडे वळली.

धुण्याला पडल्यावर घागऱ्यांनी रंग दाखवला. जिथं काळी रेघ तिथं कापड विरून गेलं. फुलं सुटी होऊन गळायला लागली. व्यापाऱ्यानं सगळा माल परत आणून अंगणात ओतला आणि कामगारांदेखत एक घागरा बोटानं टरकावून दाखवला. पुतणीचा घागरा मात्र दोन धुण्यांनंतर, गावच्या भर कार्यक्रमात, रंगमंचाच्या पायऱ्या चढताना फाटला. लोक फिदीफिदी हसले. कुणाची तरी चादर गुंडाळून ती घरी आली.

दीर शेडमध्ये आला. कापडावर खापर फोडून ती सुटली असती.

"तू केलंस?"

"हो, भाऊजी. तुमची नक्षी होती म्हणून केलं. त्यांची असती तर हात धजला नसता."

त्यानं हात उगारला. मग हात तसाच खाली आला आणि तो पालथ्या घमेल्यावर बसून राहिला. त्याला असं बसलेलं तिनं पोटभर पाहून घेतलं.

कारखाना बसला. थोरला आता परक्याच्या गोदामात गठ्ठे बांधतो. तिलाही रंगाचं काम कुणी देईना. काळा कुणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक. एका खोलीत ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. ती घर सोडून निघाली तेव्हा पुतणीनं तिला गाठून एवढंच विचारलं होतं, "मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?" तिनं हो म्हटलं. त्यानंतर पोरीनं तिचं तोंड पाहिलं नाही.

कपडे पोचवायला जाताना रंगवाली अजून मुद्दाम गोदामावरून वळसा घालते. ओझ्याखाली वाकलेला दीर दिसला, की तिच्या पायांत बळ येतं. पश्चात्ताप म्हणून तिला कधी झाला नाही. फक्त डबा घेऊन आलेली पुतणी दारात असली, तर ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं, इस्त्रीचा गठ्ठा तोंडाशी धरून, भराभर निघून जाते.