तांबडी छावणीची

आमच्या संस्थेत सगळे मला टरकून असायचे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेली बाई मी. निवृत्त झाल्यावर घरात भिंतींशी बोलायची पाळी आली, म्हणून फुलंब्री रस्त्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात जायला लागले. पत्र्याची शेड, पिंजऱ्यांच्या दोन ओळी, एक डॉक्टर, एक गाडी आणि गाडीचे ड्रायव्हर. मोडक्या पायाची गाढवं, मांज्यानं पंख कापलेल्या घारी, गटारात पडलेली मांजरं, सगळं तिथं येतं. पण मुख्य काम गल्लीतल्या कुत्र्यांचं. उचलायचं, नसबंदीचं ऑपरेशन करायचं, लस टोचायची, ओळखीसाठी कानाला छोटी खाच द्यायची आणि टाके सुकत आले की परत सोडायचं.

परत म्हणजे जिथून उचललं तिथंच. दोन गल्ल्या अलीकडे नाही की पलीकडे नाही. कुत्र्याची हद्द असते. परक्या हद्दीत सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात, आणि भाकरतुकडा घालणारं ओळखीचं माणूसही तिथं नसतं. म्हणून प्रत्येक पिंजऱ्याला एक चिठ्ठी बांधतात. रंग, नर की मादी, काही खूण आणि जागा. त्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. माझं अक्षर छान आहे आणि तोंड त्याहून मोठं. कुणी पाण्याचं भांडं उपडं ठेवलं, कुणी कुलूप नीट लावलं नाही, की मी सुरू.

नाताळाच्या आधी आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. चर्चची मंडळी आपणहून बोलावतात. मैदानात पोरंबाळं जमणार, त्याआधी आमची कुत्री उरकून द्या म्हणतात. येताना थंडीसाठी जुन्या गोधड्या, पोती, विटके स्वेटर घेऊन येतात. आणि नाताळाच्या दुपारी जेवणावळीतला उरलेला भात आणि हाडं पातेलं भरभरून आमच्याकडे येतात. एरवी आमच्या शेडमध्ये कानठळ्या बसतात. त्या दुपारी मात्र कुणाला भुंकायला सवड नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच दिवशी सकाळी सिडकोतल्या चर्चपाशी आणि दुपारी छावणीतल्या चर्चपाशी गाडी गेली. छावणीत चर्चसमोरच्या गल्लीत एक म्हाताऱ्या नर्सबाई राहतात. सारी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. आयुष्यभर रुग्णांमध्ये राहिल्यामुळं असेल, आवाज मऊ पण बोलणं हुकमी. ‘कुत्री न्याल आणि मारून टाकाल’ म्हणणाऱ्या गल्लीला त्यांनीच समजावलं आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या दाराशी झोपणारी तांबडी कुत्री पुढं केली.

“नाताळाच्या आधी आणून द्या हं बाई,” गाडी सुटताना त्या मला म्हणाल्या. “त्या दिवशी माझ्याकडे दुसरं कोण असतं? मी आणि ती.”

“काळजीच नको सिस्टर,” मी म्हटलं. माझा शब्द म्हणजे काय, दगडावरची रेघ!

संध्याकाळी शेडमध्ये चिठ्ठ्या लिहायला बसले. त्याच वेळी कुणीतरी लशींच्या फ्रीजचं दार अर्धवट उघडं ठेवलेलं मला दिसलं. मग काय, एका हातानं लिहिणं आणि तोंडानं उद्धार, असं दोन्ही चाललं. त्या रागाच्या भरात मी सगळ्या चिठ्ठ्यांवर जागा म्हणून नुसतं ‘चर्च’ लिहिलं. कोणतं कुत्रं कुठलं, ते माझ्या ध्यानात होतंच की!

सोडायच्या दिवशी मी भाचीच्या साखरपुड्यात होते. ड्रायव्हरभाईंचा फोन आला. पन्नाशीचे गृहस्थ, गुलमंडीच्या मागं राहतात, कमी बोलतात. “मॅडम, तांबडी कौनसे चर्चची? चिठ्ठीवर समजत नाय.”

“सिडकोची,” मी विचार न करताच म्हटलं.

“पक्कं ना? मला छावणीची वाटायली.”

“अहो भाई, एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?” म्हणून मी फोन ठेवला आणि जेवायला बसले.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोचले, तोच सिस्टरांचा फोन. “बाई, तांबडी आली नाही अजून.” मी वही पाहिली. आदल्या दिवशी सोडल्याची नोंद होती. झालं, माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर, डॉक्टरांसमोर, गोधड्या द्यायला आलेल्या लोकांसमोर मी ड्रायव्हरभाईंना धारेवर धरलं. एवढं साधं काम जमत नाही, मुकं जनावर आहे, जीव गेला तर कोण जबाबदार, काय काय म्हणून बोलले. ते पाइपनं गाडी धूत होते. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, गाडीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ‘तांबडी. मादी. पांढरे पंजे. चर्च.’ माझंच छान अक्षर.

“फोन केल्तो मॅडम,” एवढंच ते म्हणाले.

पाच दिवसांचे कच्चे टाके पोटावर घेऊन ती कुत्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, परक्या कुत्र्यांच्या तावडीत होती. टाके उसवले तर जगायची नाही. आणि ते माझ्यामुळं.

कदाचित एव्हाना चालत घरी आली असेल, या आशेवर आम्ही आधी छावणीत गेलो. सिस्टरांच्या दारावर कागदाची चांदणी लागली होती. उंबऱ्याशी नवं पोतं अंथरलेलं. पोतं रिकामंच होतं. सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या तोंडाकडं पाहू लागल्या. मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात ड्रायव्हरभाई पुढं झाले. “सिस्टर, माफ करा. सोडताना माझ्या हातून पट्टा सुटला. पळाली. शोधून आणतो.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सिस्टर त्यांना म्हणाल्या, “अहो, हात घट्ट ठेवायचा नाही का? एवढी वर्षं हेच काम करता ना?” ते मान खाली घालून उभे. आणि मी, मघाशी शेड डोक्यावर घेणारी मी, पदराशी चाळा करत गप्प उभी. अजून आठवलं की माझं मला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “असं का सांगितलंत?”

“ड्रायवरच्या हातून कुत्रं सुटतं, लोग समझते,” ते म्हणाले. “चिठ्ठीच चुकती म्हणलं तर ही गल्ली पुन्हा एक कुत्रं देणार नाय. तुम्ही बाहेर बघा मॅडम, कुठं दिसती का.”

दिवसभर आम्ही सिडको पालथी घातली. चर्चपाशी झाडू मारणाऱ्या मावशींनी सांगितलं, कानाला खाच असलेली तांबडी दिसली होती, इथल्या चार कुत्र्यांनी तिला नाल्याकडं पिटाळलं. नाल्याच्या कडेला एक अर्धवट इमारत आहे. तिथं तिन्हीसांजेला ती दिसलीही, मागचा पाय उचलून चालताना. मी “तांबडे!” म्हणून हाक मारली मात्र, ती आमच्या गाडीकडं बघून जी पळाली ती दिसेनाशीच झाली.

ड्रायव्हरभाईंनी कपाळावर हात मारला. “क्या पागल है हम लोग! गाडी बघून कशी येईल ती? ह्याच गाडीनं तर उचललं तिला.”

खरंच की. आमची गाडी वळणावर दिसली तरी अख्ख्या गल्लीतली कुत्री गायब होतात, हे मी रोज बघते. आणि तीच गाडी घेऊन आम्ही दिवसभर तिला हाका मारत हिंडलो होतो.

“उद्या रिक्षा घेऊन येतो साडूची,” ते म्हणाले. “आणि सिस्टरांना घेऊन जाऊ. आपल्याला ती यायची नाय.”

नाताळाच्या सकाळी आम्ही छावणीत पोचलो, तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. सिस्टर मोतिया रंगाची नवी साडी नेसून, केसात फूल माळून, बायबल हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. मी चाचरत विचारलं, “सिस्टर, उपासना झाल्यावर याल का?”

“ती कशी आहे?”

“लंगडतेय. टाक्यांचं काही कळत नाही.”

त्यांनी बायबल आत नेऊन ठेवलं, दाराला कडी घातली आणि रिक्षात येऊन बसल्या. “देव समजून घेईल,” म्हणाल्या. “तिला कोण समजावणार?” चर्चकडं निघालेल्या बायका ‘सिस्टर, कुठं निघालात?’ विचारत होत्या. पन्नास वर्षांत त्यांची नाताळाची उपासना चुकली नव्हती, हे मला नंतर कळलं. वाटेत त्या ड्रायव्हरभाईंना दोनदा म्हणाल्या, “पट्टा मनगटाला गुंडाळायचा असतो बाबा.” आणि ते दोन्ही वेळा म्हणाले, “हौ सिस्टर, चुकलं.” मी बाहेर बघत बसले.

रिक्षा लांब उभी केली. आम्हा दोघांना तिथंच थांबवून सिस्टर एकट्याच नाल्याच्या कडेनं निघाल्या. खडी, सळया, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आणि त्यातून नवी साडी एका हातानं उचलून चाललेल्या त्या. हाकसुद्धा मोठ्यानं नाही. रोज संध्याकाळी दारात उभं राहून मारत असतील तशी, “ये गं बाई, तांबडे, ये. जेवायचं नाही का?”

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हात जोडले. मग एका सिमेंटच्या पाइपातून आधी नाक बाहेर आलं, मग खाच पडलेला कान. ती पोटावर सरपटत, कुईकुई करत सिस्टरांच्या पायापाशी आली आणि त्यांच्या नव्या साडीवर सगळा चिखल पुसत अंगावर चढली. सिस्टर खाली खडीवरच बसल्या. त्यांनी आधी तिला उताणं केलं, पोट तपासलं आणि आमच्याकडं बघून ओरडल्या, “टाके शाबूत आहेत!” ड्रायव्हरभाईंनी दोन्ही हात वर करून ‘या अल्ला’ म्हटलं आणि डोळे पुसले. माझेही वाहत होते.

डॉक्टर सुट्टी सोडून शेडमध्ये आले. पायाच्या जखमेला मलमपट्टी करून आम्ही छावणीत परत आलो, तेव्हा उपासना केव्हाच संपली होती. तांबडी नव्या पोत्यावर जी पडली ती घोरायलाच लागली. सिस्टरांनी मला आत बसवलं, करंज्या, शंकरपाळे, केक असं ताट भरून पुढं ठेवलं. “बाई, तुमचे उपकार कसे फेडू?” म्हणाल्या. “त्या माणसानं हलगर्जीपणा केला, पण तुम्ही दोन दिवस जिवाचं रान केलंत.” ड्रायव्हरभाई बाहेर रिक्षापाशी उभे होते. सिस्टरांनी त्यांना आत बोलावलं नव्हतं.

करंजी माझ्या तोंडात फिरत राहिली. गिळवेना. मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, फ्रीजचं दार, साखरपुडा, फोन, ड्रायव्हरभाईंनी दोनदा विचारलेलं, मी सगळ्यांदेखत त्यांना बोललेलं, आणि त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेलं.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ऊठ. आधी त्याला आत बोलाव.”

मी बोलावलं. त्यांनी ड्रायव्हरभाईंना घरातल्या चांगल्या खुर्चीत बसवलं, माझं ताट त्यांच्या हातात दिलं, आणि हात जोडून म्हणाल्या, “बाबा, मी तुम्हाला नको ते बोलले. मला माफ करा.” ते बिचारे खुर्चीतून उठायलाच लागले. सिस्टरांनी खांद्याला धरून बसवलं. मग माझ्याकडं वळल्या.

आणि मग जे सुरू झालं! “तीस वर्षं टेबल सांभाळलं म्हणतेस ना गं? मग ‘छावणी’ एवढा एक शब्द लिहायला हात मोडला होता तुझा? बरं, चुकलं, माणूस आहेस. पण तो माणूस तुझी चूक डोक्यावर घेऊन उभा आणि तू शेजारी मूग गिळून? माझ्या तोंडून त्याला बोलणी खायला लावलीस! सणाच्या दिवशी मला पापात ओढलंस! लाज नाही वाटली?” वॉर्डात कसल्या कसल्या माणसांना त्यांनी सरळ केलं असेल, ते मला तेव्हा समजलं. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले होते आणि हमसून हमसून रडत होते.

आई जाऊन मला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी रागावलंच नव्हतं. कचेरीत साहेबसुद्धा जपून बोलायचे, घरात भाच्या दबकून असतात. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या चुकीला चूक म्हणत होतं, आणि मला दारातून हाकलत मात्र नव्हतं. खरं सांगते, त्या बोलण्यानं मला जे बरं वाटलं, ते कुणाच्या कौतुकानं कधी वाटलं नाही.

“बस करा सिस्टर,” ड्रायव्हरभाई हातातली करंजी तशीच धरून म्हणाले. “रडायल्यात त्या.”

“रडू दे,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.