टेबलाची उंची

माणूस शेजाऱ्यावर जळतो, भावावर जळतो, हे मी समजू शकतो. कडक मात्र स्वतःच्या बायकोवर जळत होता, आणि तेही तिने त्याचंच दुकान चालू ठेवलं म्हणून.

कडक म्हणजे माझ्या समोरचा इस्त्रीवाला. त्याने इस्त्री केलेली पँट जमिनीवर आपली आपण उभी राहील असं कुणीतरी म्हणालं, आणि तेच नाव चिकटलं. माझं किल्ल्या बनवायचं दुकान बरोबर त्याच्या दारासमोर. मी एकटा जीव. समोर बघायचं नाही तर बघायचं कुठे?

कडकची बायपास झाली. छातीचं हाड तारेने बांधून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं आणि बजावलं, ओझं उचलायचं नाही, हाताने जोर लावून काही ढकलायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी धरायची. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. आता इस्त्री म्हणजे उचलणं आणि ढकलणंच की. शेवटी वहिनींनी दुकान उघडलं. तोवर घरोघरी कपडे पोचवायचं काम त्यांचं होतं. आता त्या टेबलाशी आणि नवरा रस्त्यावर.

सुरुवातीला तो रस्ता ओलांडून माझ्या स्टुलापर्यंत यायचा आणि मोठा पराक्रम केल्यासारखा बसायचा. मग कोपऱ्यापर्यंत जाऊ लागला. मग डॉक्टरांना विचारून हातात दोन-तीन शर्ट घेऊन गिऱ्हाइकांकडे. जिन्यात मजल्यामजल्यावर टेकायचा, पण चढायचा. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर थांबायचं, असं त्याला शिकवलं होतं. येता-जाता माझ्याकडे थांबून तो बायकोबद्दल कुरकुर करायचा आणि तेव्हा मात्र त्याला कधी धाप लागली नाही.

"छाती माझी फाडली," तो म्हणायचा, "आणि दार उघडलं की लोक विचारतात, वहिनी कशा आहेत? आज वहिनी नाही आल्या?"

"अरे, इतकी वर्षं त्याच जात होत्या दारोदार. विचारणारच."

"बरं, ते सोड. त्या शाळेतल्या बाई काय म्हणतात? हल्ली कॉलर काय छान बसते! हल्ली म्हणे! मी काय आजवर कॉलरी चुरगाळत होतो?"

"दुकान तुझंच आहे ना? मग?"

"दुकान माझं आणि कौतुक तिचं!"

असं म्हणून तो पुढच्या घराकडे निघायचा. रागाच्या भरात पावलं बरी पडायची. औषधापेक्षा मत्सरानेच त्याला लवकर चालता केलं, असं माझं मत आहे.

एके दिवशी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुला ती उंच झाल्यासारखी वाटत नाही?"

मी मान वर करून पाहिलं. खरंच. त्यांच्या दुकानाचा काउंटर चांगला उंच आहे. पूर्वी वहिनी मागे उभ्या राहिल्या की नुसतं डोकं दिसायचं. आता खांदे दिसत होते.

"मान मिळाला की माणूस ताठ उभा राहतो," मी म्हणालो. चेष्टेत म्हणालो, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात वहिनींकडे सुतार आला. तो आत जाऊन वाकून मोजमाप घेत असताना कडकने त्याला माझ्या स्टुलावरून पाहिलं, त्याच्या पिशवीतून डोकावणारी करवतही पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला.

"माझ्या टेबलाचे पाय कापतेय," तो म्हणाला. "म्हणून उंच दिसते. टेबल बुटकं झालं की माणूस उंच दिसणारच." काउंटर तर होता तेवढाच होता, पण हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

हे टेबल त्याने तरुणपणी स्वतःच्या कमरेच्या मापाने करून घेतलं होतं. इस्त्रीवाल्याचं टेबल कमरेला आलं तर तो दिवसभर उभा राहतो. खाली गेलं की वाकावं लागतं आणि पाठीचे हाल होतात. हे त्याने मला शंभरदा सांगितलं असेल. त्या दिवशी मात्र हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी परत येणार नाही, असं तिने धरून चाललंय."

मी म्हटलं, आत जाऊन बघ ना बाबा. तर म्हणे ती आत येऊच देत नाही. उकडतंय, दम लागेल, बाहेरच बसा, असं म्हणते आणि काउंटरवरून गठ्ठा हातात देते. आपल्याच दुकानात त्याला बंदी! मग मलाही वहिनींचा राग आला. नवऱ्याची जागा अशी घेतात का कुणी?

अखेर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड छान जुळलंय, रोज थोडा वेळ इस्त्री धरायला हरकत नाही. कडक दवाखान्यातून घरी न जाता थेट माझ्याकडे आला.

"चल," म्हणाला, "मला एकट्याने बघवणार नाही."

वहिनी काहीतरी बोलायच्या आत तो काउंटरची फळी उचलून मागे शिरला. मी त्याच्या पाठोपाठ. तो टेबलाला जाऊन भिडला आणि थांबला. टेबलाची कड बरोबर त्याच्या पट्ट्याला लागली होती, पूर्वीसारखीच. त्याने टेबलाच्या पायांकडे पाहिलं. पाय अखंड होते. वहिनींच्या पायांखाली मात्र बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घातलेला होता, वर जुनी चादर. त्या जरा हलल्या की क्रेट डुगडुगत होता. पायाच्या नसा टरारून फुगल्या होत्या.

"सुतार म्हणत होता चार बोटं कापतो," वहिनी म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. कापलेलं परत जोडता येतं का? उद्या तुम्ही आल्यावर काय करायचं?"

"आणि मला आत का येऊ देत नव्हतीस?"

"हे बघितलं असतंत तर दुसऱ्या दिवशीच इस्त्री धरली असतीत. ओळखत नाही का मी तुम्हाला?"

त्या क्रेटवरून खाली उतरल्या आणि त्याच्या खांद्याखाली आल्या. इतकी बुटकी बाई! कडकने इस्त्री हातात घेतली, एक कॉलर दाबली, जरा श्वास घेतला, आणि तिने केलेल्या शर्टांच्या चळतीकडे बघत राहिला.

"कॉलर तुझी बरी बसते," तो म्हणाला. त्याला ते फार जड गेलं, मी शेजारी उभा राहून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या सुताराला निरोप दे. म्हणावं टेबलाला हात लावायचा नाही. हिच्यासाठी भक्कम पाट करून दे, न हलणारा."

वहिनी रडत होत्या की वाफेने डोळे ओले झाले होते, मी विचारलं नाही. मी रस्ता ओलांडून माझ्या जागेवर आलो.

गेल्या वर्षी मी तापाने पडलो होतो. बरा होऊन आलो तेव्हा शटरला धूळ होती आणि मशीनवर अर्धी घासलेली किल्ली तशीच अडकलेली होती. माझं मशीनही माझ्याच मापाने बसवलेलं आहे. दुसऱ्या कुणाला ते उंच पडेल की बुटकं, हे बघायची वेळच कधी आली नाही. समोर ती दोघं एकाच टेबलाशी भांडत होती, आणि मी किल्ली घासत होतो आणि कडकवर जळत होतो.