मूळ कारण : ट्रेनी

“हे पान काढ, मग सही करतो,” मी म्हणालो.

अश्विनी टेबलापलीकडे उभी होती. तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं सदतिसावं पान मी उघडून धरलं होतं. शनिवार होता, तिच्या इंटर्नशिपचा शेवटचा दिवस. संध्याकाळच्या एसटीने तिला आष्ट्याला घरी जायचं होतं. माझ्या सहीशिवाय तो रिपोर्ट कॉलेजात चालला नसता. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

“सर, पण रीडिंग खरी आहेत.”

“असतील. तुझा विषय स्क्रॅप कमी करण्याचा आहे, गेज तपासण्याचा नाही.”

मग तिने स्पायरलमधून ते पान जपून सोडवलं, घडी घातली आणि बॅगेत ठेवलं. मी सही केली, शिक्का मारला आणि वर म्हणालो, “छान काम केलंस. पुढे जाशील.”

मी तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी हेड होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे हब बनायचे. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा बिडाचा भाग. त्याच्या आत गोल भोक असतं, त्याला आम्ही बोअर म्हणतो. या बोअरमध्ये बेअरिंग दाबून बसवतात. बोअर जरा मोठा झाला की बेअरिंग सैल बसतं आणि काही महिन्यांनी चाक डुगडुगायला लागतं. जरा म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचा सहावा भागही पुरतो.

बोअर मोजायच्या गेजला स्वतःचं माप नसतं. रोज सकाळी ते एका पोलादी कड्यात घालून शून्यावर आणावं लागतं. त्या कड्याला सेटिंग रिंग म्हणतात. रोज वापरून रिंग आतून झिजली, मोठी झाली, तर गेजचं शून्यच चुकतं. मग मोठे बोअरही बरोबर दिसतात. ऑपरेटर चोख काम करतो, इन्स्पेक्टर चोख मोजतो आणि माल मात्र चुकीचा जातो.

अश्विनी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. सहा आठवड्यांसाठी आली होती. त्यात आमचा एक इन्स्पेक्टर दोन आठवडे रजेवर गेला. मी तिला फायनल इन्स्पेक्शनला बसवलं. नियमाने बसवता येत नव्हतं. पण पोरगी हुशार होती, हात स्थिर होता. मोजायची, शीटवर लिहायची, खाली सही करायची.

एक दिवस ती केबिनमध्ये आली.

“सर, मी लाइनवरचे पाच हब स्टँडर्ड रूममध्ये नेऊन सीएमएमवर मोजले.” स्टँडर्ड रूम म्हणजे मापं तपासायची खोली आणि सीएमएम म्हणजे तिथलं मापं घेणारं मोठं, महागडं मशीन. “पाचही बारा मायक्रॉनने मोठे निघाले.”

“लाइनवर पार्ट गरम असतो. स्टँडर्ड रूमला एसी आहे. फरक पडणारच.”

“मी रात्रभर गार होऊ दिले होते. आणि सर, पाचही एकाच बाजूला आहेत. मोजणाऱ्याची चूक असती तर एखादा लहानही आला असता. मला वाटतं, रिंग झिजली आहे.”

“हे सुचलं कसं तुला?”

“आमच्या कॉलेजची टीम आहे ना सर, खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी बनवणारी. स्पर्धेच्या आधी आमचा हब असाच गेला होता. बेअरिंग हातानं आत गेलं. सगळ्यांनी मिळून ज्यानं बोअर केला त्या मुलाला धुतला. नंतर कळलं, मोजायचं साधनच चुकीचं होतं.”

तिचं म्हणणं बरोबर आहे, हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. पस्तीस वर्षं मीही मापंच घेत आलो होतो. पण रिंगचं माप बरोबर असल्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट अजून महिनाभर चालणार होतं आणि ऑडिट चार दिवसांवर होतं. रिंग चुकीची आहे असं एकदा कागदावर आलं, की तिच्यावर मोजलेला सगळा माल पुन्हा तपासावा लागतो. कस्टमरकडे गेलेलाही. मी म्हणालो, “बघतो.” आणि बघितलं नाही.

ऑडिट पार पडलं. त्या पाच हबची रीडिंग तिने सदतिसाव्या पानावर घातली होती, ते पान बॅगेत घालून ती गेली.

तीन आठवड्यांनी कस्टमरची तक्रार आली. असेंब्लीत बेअरिंग हाताने आत जातंय, एक लॉट परत येतोय. मी स्टँडर्ड रूममध्ये गेलो, दार लावलं आणि स्वतः रिंग मोजली. बारा मायक्रॉन. स्टोअरमधून नवी रिंग काढून लाइनवर दिली आणि जुनी माझ्या कपाटात ठेवली. कुणाला काही बोललो नाही.

तक्रार आली की कस्टमरला एक ठरावीक रिपोर्ट द्यावा लागतो. काय झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. प्लांट हेड भोईटेसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते.

“या लॉटच्या शीटवर सही कुणाची?”

“त्या ट्रेनी मुलीची.”

“मग झालं की जगदाळे. आता आहे का ती?”

“नाही.”

“उत्तम.”

मी लिहिलं : अप्रशिक्षित ट्रेनीने चुकीची रीडिंग घेतली. ट्रेनीला कामावरून कमी केले. पुढे ट्रेनीला इन्स्पेक्शनला बसवणार नाही. सोबत तिच्या सहीची शीट जोडली. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं. टाइप करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. कस्टमरकडच्या मेहतांनी दोन दिवसांत तक्रार बंद केली. तिच्या सहीचे तेवढे लॉट परत आले. जुन्या रिंगवर मोजलेले बाकीचे पुढे गेले.

आमच्या लाइनवर तानाजी नावाचा ऑपरेटर होता, कोरेगावचा. तो त्या दिवशी मशीन पुसता पुसता म्हणाला, “सायेब, नवी रिंग आली व्हय?”

“हो.”

“बरं झालं. ती पोरगी लय दिस म्हणत व्हती.”

तो एवढंच बोलला. त्यानंतर मी बरेच दिवस त्याच्या मशीनकडून जायचं टाळलं.

सप्टेंबरात अश्विनीचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी डबा उघडत होतो.

“सर, एक विचारायचं होतं. आज कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू होता.” तिने कंपनीचं नाव सांगितलं. आमचीच कस्टमर. “पॅनेलवर मेहता सर होते. माझा बायोडाटा बघून म्हणाले, ती रीडिंग चुकवणारी ट्रेनी तूच का. सर, तुम्ही तसं लिहून दिलंय का?”

मी म्हणालो, “त्याचं असं असतं अश्विनी, सिस्टिममध्ये काहीतरी कारण द्यावं लागतं. त्यात पर्सनल काही नसतं.”

मग ती म्हणाली, “बरं सर,” आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर मलाही आवाज चढवता आला असता. मी डबा तसाच झाकून ठेवला. त्याच दिवशी मेहतांना फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता. मी केला नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरी तक्रार आली. तोच दोष, दुसरा लॉट. या लॉटवरची तारीख अश्विनी गेल्यानंतरची होती.

भोईटेसाहेबांनी मीटिंग बोलावली. शीट चाळत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी दुसरा कुणी ट्रेनी होता का?”

“नव्हता.”

“कुणी नवीन? कॉन्ट्रॅक्टवरचा?”

“नाही साहेब. रिंग झिजली होती. मला माहीत होतं. मुलीनं मला आधीच सांगितलं होतं.”

खोलीत पाच-सहा जण होते. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्या दिवशी खरं बोललो, असं लोक नंतर म्हणाले. मला ते मान्य नाही. दोष ढकलायला दुसरं माणूस सापडलं नाही, म्हणून मी बोललो.

मी मेहतांना पत्र लिहिलं. आधीचा रिपोर्ट खोटा होता, दोष रिंगचा होता, ट्रेनीने तो शोधून दाखवला होता आणि मी तिचं पान काढायला लावलं होतं, हे सगळं त्यात घातलं. जुन्या रिंगवर मोजलेला सगळा माल परत मागवला. काही हब ट्रॅक्टरला लागून शोरूमपर्यंत पोचले होते, तेही उतरवावे लागले. कुणाचं चाक निखळलं नाही. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

मग पत्राची प्रत घेऊन मी रविवारी आष्ट्याला गेलो. तिच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. जळलेल्या पंपांच्या मोटरी भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. मी नाव सांगताच ते हातातली तार खाली ठेवून उठले.

“आवं, जगदाळेसायेब का? या या. अश्विनी लय सांगती तुमच्याबद्दल. साताऱ्याच्या सायबांनी मला मोजायला शिकवलं म्हनती. बसा, ती वैरणीकडं गेलीया, येईल आता.”

तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिलं, आत चहाला सांगितलं. मी त्या स्टुलावर बसलो आणि मला सगळं सांगावं लागलं. चहा आला. त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, “नोकरी मिळाली न्हाई म्हणून दोन दिस जेवली न्हाई ती. आमी म्हटलं, तुझाच अभ्यास कमी पडला असंल. मी बोललो तिला.”

मी पत्राची प्रत खिशातून काढून हातात धरली.

अश्विनी आली. मला बघून दारातच थबकली. मी पत्र दिलं. तिने उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

“मेहता सरांना पाठवलंय?”

“चार दिवसांपूर्वी. ते तुला पुन्हा बोलावतील, असं म्हणालेत.”

“आणि बाकीचे लॉट? माझी सही नसलेले?”

“परत मागवले.”

“कधी?”

“याच आठवड्यात.”

“म्हणजे दोन महिने ते बाहेर होते,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “सर, मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी तुम्ही तेव्हाच केलं असेल.”

मी माफी मागितली. ती “बरं” म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. वडील मला स्टँडपर्यंत सोडायला आले नाहीत. ते योग्यच होतं.

मेहतांनी तिला खरंच बोलावलं. ती गेली नाही. पुढे पुण्याला दुसऱ्या कंपनीत लागली, एवढं तिच्या कॉलेजच्या सरांकडून कळलं. मला क्वालिटी हेडच्या जागेवरून हलवलं. शेवटचे काही महिने मी रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली लावत बसलो आणि तिथूनच निवृत्त झालो. निरोप समारंभात भोईटेसाहेब माझ्या सचोटीबद्दल बोलले. मी खाली मान घालून शाल घेतली. लोकांना वाटलं, संकोच आहे.

नव्या क्वालिटीवाल्यांनी विचारलंच, तर एवढं सांगतो. मूळ कारणाच्या रकान्यात नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव लिहायला सोपं वाटलं, तर ते खोडा आणि पुन्हा मोजा. सुरुवात स्वतःच्या टेबलापासून करा.