संस्थेचा वरचा मजला

आमच्या घरात ‘बार’ हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. बाबा दर शनिवारी संध्याकाळी रास्ता पेठेतल्या एका जुन्या परमिट रूममध्ये जायचे आणि तिला घरात ‘संस्था’ म्हणायचे. “संस्थेत जाऊन येतो,” असं ते आईला सांगायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की ते कुठल्या तरी संस्थेचे सभासद आहेत. शाळेत वडिलांवर दहा ओळी लिहायच्या होत्या, तेव्हा मी इंग्रजीत लिहिलं होतं की माझे वडील बँकेत नोकरी करतात आणि शनिवारी समाजकार्य करतात. टीचरनी ‘व्हेरी गुड’ असा शेरा दिला. ती वही आईने जपून ठेवली आहे. का, ते तिलाच माहीत.

वारज्याला फ्लॅट घेतल्यावर पेठेतलं बाकी सगळं सुटलं, संस्था सुटली नाही. बाबा दोन बस बदलून जायचे, दोन पेग रम घ्यायचे आणि मसाला पान खाऊन नऊच्या आत परत यायचे. कधी आवाज चढला नाही, कधी तोल गेला नाही. त्यामुळे त्या विषयावर बोलायची वेळच आली नाही.

ते रिटायर झाले त्या वर्षी त्यांच्या लिव्हरचे रिपोर्ट वाईट आले. डॉक्टर म्हणाले, “आता एक थेंबही नाही. पुढच्या वेळी गोळ्या देणार नाही, ॲडमिट करीन. आणि मग घरी कधी सोडणार हे मला विचारायचं नाही.” बाबा “बरं” म्हणाले. तीन शनिवार ते गॅलरीत पेपर वाचत बसले, एकच पेपर, संध्याकाळभर. चौथ्या शनिवारी इस्त्रीचा निळा शर्ट घालून निघाले.

“नुसता बसून येतो,” ते म्हणाले.

“नुसतं बसायला देवळं आहेत की,” आई म्हणाली.

“देवळात कुणी उलट बोलत नाही.”

नऊ वाजता परत आले ते पान खाऊनच. त्या पानाचा वास आला आणि आईचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ते पान कशावर झाकण म्हणून असायचं, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. पुढच्या शनिवारीही पान, त्याच्या पुढच्याही. आई विचारायची, ते “काही घेत नाही” म्हणायचे, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसायची. मी काहीच विचारायचे नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नोकरीला लागले होते, पण घरचा फोन वाजला तरी दुसरं कुणी उचलेल म्हणून थांबणारी.

एका शनिवारी बाबा गेल्यावर आई म्हणाली, “तू जाऊन बघ.”

“मी? बारमध्ये?”

“तुला इंग्रजी येतं. तुला कुणी काही म्हणणार नाही.”

आईचा इंग्रजीवर असा विश्वास होता. वाटेत ओळखीचं कुणी भेटलंच तर सांगायला म्हणून तिने मला बुधवार पेठेतून मिक्सरचं कपलर आणायलाही सांगितलं. मी ते आधी घेतलं. मग स्कूटी रास्ता पेठेत नेऊन संस्थेसमोरच्या किराणा दुकानापुढे लावली आणि दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. आत शिरल्यावर काय बोलायचं ते वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार केलं, मग त्याचं मराठी केलं. दोन्ही वाक्यं वाईट होती.

ती वाक्यं लागलीच नाहीत. दारात पाऊल ठेवताच खांद्यावर फडकं टाकलेले एक म्हातारे वेटर आडवे आले.

“ताई, फॅमिली वर. खाली लेडीज बसत न्हाईत.”

मी एकटी होते, फॅमिली कुठेच नव्हती, पण मान हलवून लाकडी जिना चढले. जिन्यात पाटी होती: ‘टेबलावर झोपू नये. त्यासाठी घर आहे.’ वर पाच-सहा टेबलं आणि त्यांच्यामध्ये प्लायवूडचे आडोसे. एका टेबलावर एक जोडपं एकमेकांशी न बोलता पनीर खात होतं. दुसऱ्यावर आई-वडील, आजोबा आणि एक लहान मुलगी होती, ती स्ट्रॉने ग्लासात बुडबुडे काढत होती. मी मनात काहीतरी भयंकर धरून आले होते. इथे तर आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनपेक्षा शांतता होती.

कठड्यापाशी एक टेबल होतं. त्याच्या लाकडी जाळीतून खालचा सगळा हॉल दिसत होता. मी तिथे बसले.

बाबा बरोबर माझ्या खाली होते. त्यांचं विरळ झालेलं डोकं मी इतक्या वरून कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर त्यांच्यासोबत तिघं. त्यातले एक फार मोठ्याने बोलत होते आणि बाकीचे त्यांना बोलू देत होते.

वेटरकाका माझ्याकडे आले. “काय घेणार?”

“लाइम सोडा.”

“गोड का खारा?”

मला खारा हवा होता. ते “गोडच आणतो” म्हणाले, मी “चालेल” म्हणाले. सोबत शेंगदाण्यांची बशी न मागता आली.

मग ते खाली गेले आणि एका ट्रेमध्ये चार ग्लास घेऊन त्या टेबलाशी आले. तिघांच्या ग्लासांत तळाशी थोडीशी रम होती. काकांनी टेबलापाशीच प्रत्येकाला विचारून त्यात सोडा ओतला. चौथा ग्लास आधीच अर्धा भरलेला होता, गडद, जवळजवळ काळा. तो त्यांनी बाबांसमोर ठेवला आणि त्यात काहीच घातलं नाही. बाबांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

सोड्याशिवाय, पाण्याशिवाय, अर्धा ग्लास. आधी तरी ते दोन पेग पाणी घालून घ्यायचे. मी जाळीला डोळा लावून बघत राहिले. हळूहळू त्यांनी तो संपवला. काकांनी दुसरा आणून ठेवला, तसाच. बाबा काहीतरी बोलले, सगळे हसले. मला वाटत होतं, खाली जावं आणि सगळ्यांसमोर तो ग्लास हिसकावून घ्यावा. पण मी तर गोड लाइम सोडासुद्धा परत पाठवू शकले नव्हते. आईला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता. ‘ॲडमिट’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

काका रिकामी बशी न्यायला आले. माझ्याकडे बघून थांबले, मग जाळीतून खाली बघितलं.

“तुमी सायबांची लेक ना? हनुवटी तीच हाय. वहिनींनी धाडलं?”

माझं गप्प राहणं सगळ्यांना ‘हो’ असंच वाटतं, त्यांनाही वाटलं.

“काका, ते किती घेतात?” मी कसंबसं विचारलं.

ते माझ्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “चा हाय त्यो.”

“काय?”

“कोरा चा. बिनसाकरेचा. दुपारी मीच उकळून फ्रीजमधी ठिवतो. आज दोन म्हयने झाले, थेंब घेतला न्हाई सायबांनी.”

मला खरं वाटेना. मुलगी समोर बसली आहे म्हणून ते खोटं बोलत असतील, असं मनात आलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं. कारण ते खाली गेले आणि एक ग्लास घेऊन आले. “बगा पिऊन.”

लाइम सोडा सोडला तर मी बारमध्ये घेतलेलं पहिलं पेय ते. थंडगार, कडू जहर, चहाच. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, कारण विश्वास बसेपर्यंत घ्यायला हवेत असं वाटत होतं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी आडोशाकडे तोंड करून बसले. प्लायवूडच्या त्या आडोशाचे मी आजही आभार मानते.

“पण चोरून कशाला?” डोळे पुसून मी विचारलं.

काका हसले. त्या टेबलावर पूर्वी पाचवे एक गृहस्थ होते. त्यांनी शुगरमुळे सोडली आणि लिंबू सरबत मागवलं, तर एकाने त्यांना सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “का हो, बारसं कुणाचं आहे?” पुढचे कित्येक शनिवार हेच चाललं. त्यांचं नावच ‘बारसंवाले’ पडलं. शेवटी ते यायचे बंद झाले.

“कोण म्हणालं तसं?”

“तुमचंच वडील की,” काका म्हणाले. “आता स्वतावर आली, तर सांगायची चोरी झाली. मला म्हनले, मी न्हाई घेतली तर ही तिघं मला सोलून काढतील. आन् न्हाई आलो तर घरी येड लागंल. मी म्हनलं, सायब, एकोणचाळीस वर्सं झाली मला हितं, एवढं जमंल की.”

एकोणचाळीस म्हणजे थर्टी-नाइन की फॉर्टी-नाइन, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची लाज वाटली. मी आणखी एक बशी शेंगदाणे मात्र मागवले. मला सणसणून भूक लागली होती.

खाली उतरून बाबांशी न बोलताच मी निघाले. बाबांची पाठ माझ्याकडे होती. मोठ्याने बोलणारे गृहस्थ त्यांना म्हणत होते, “तुझी प्रकृती सुधारली की रे. डॉक्टरला म्हणावं, रमचाच गुण.” बाबा म्हणाले, “त्याला ब्रँडही लिहून देऊ का?”

घरी आई दारातच उभी होती. मी कपलर तिच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत सोफ्यावर बसली. तिचे खांदे खाली आलेले मी कित्येक आठवड्यांनी बघितले. मग म्हणाली, “आणि मी डॉक्टरांनी सांगितला म्हणून बिनसाखरेचा चहा दिला, तर हे मला विचारतात, हा पायाला लावायचाय का.”

“पण मग पान कशाला?” मी म्हटलं.

“त्या तिघांसमोर. पिऊन पान न खाता निघाले तर त्यांना संशय येईल ना.” आणि ती हसायला लागली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

बाबा नऊला आले. चपला काढून नेहमीसारखं पाणी प्यायले. माझ्या खोलीवरून जाताना थांबले.

“त्या किराणा दुकानासमोर गाडी लावू नये,” ते म्हणाले. “तो माणूस हवा सोडतो. आज सोडली नाही, नशीब.”

मी पुस्तकातून मान वर केली नाही. “बरं,” म्हणाले.

“आईला सांगितलंस?”

“हो.”

“बरं केलंस. मी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, घेऊनच बोलतोय.”

मग ते जेवायला गेले. ताटं मांडल्याचा आवाज आला आणि आईने विचारलं, “भात अजून वाढू?” त्या साध्या प्रश्नात काहीही दडलेलं नव्हतं. कित्येक शनिवारांनंतर.

पुढच्या शनिवारी बाबा निळा शर्ट घालून निघाले तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “थर्मास भरून देऊ का बरोबर?”

बाबांनी चपला सरकवल्या. “नको,” ते म्हणाले. “त्याचा चहा बरा असतो.”