आईची नक्कल

धाकटा भाऊ गेल्यानंतर आईने मला एकच विचारलं, "त्याच्या मोबाइलमध्ये त्याचा आवाज असेल ना गं?"

असायला हवा होता. नाशिक रोडला तो त्याच्या नकलांसाठी ओळखला जाई. एसटीचे कंडक्टर, पंगतीत आग्रह करणारे मामा, स्टेशनवर घोषणा करणारी बाई, सगळ्यांच्या नकला तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि चहाच्या टपरीवर ब्लूटूथने वाटायचा. तिथून त्या कुठे कुठे जात, त्यालाही ठाऊक नसे. पण त्याच्या फोनमध्ये जागा थोडी. नवी नक्कल करायची तर जुनी पुसावी लागे. मी फोन पाहिला तेव्हा त्यात फक्त गाणी होती.

मित्र समाचाराला आले तेव्हा मी त्यांना विचारलं. एक जण म्हणाला, "ताई, स्मशानातून आलो त्याच दिवशी काढून टाकल्या सगळ्यांनी. माणूस गेलेला आणि आम्ही त्याचे विनोद वाजवत बसायचं... बरं नाही वाटलं."

रागवावं असं त्यात काही नव्हतं. आईला काय सांगायचं, एवढंच मला कळेना.

दहाव्यानंतर त्यांच्यातलाच एक जण बायकोला घेऊन दिंडोरीहून आला. तिच्या फोनमध्ये एक नक्कल राहिली होती. पण ती फोन पदराखालून काढेना.

"काकू, ती तुमचीच आहे. राग नका मानू."

"लाव गं. समोर काय कमी चिडवायचा मला?"

थोडी खरखर झाली आणि आईचा आवाज सुरू झाला. "डबा घेतलास? रुमाल? किल्ली? मग डोकं कुठे विसरलास?" खोलीतल्या शेजारणी हसू दाबू लागल्या. आई फोनला कान लावून बसली होती.

"ही तर मीच," ती म्हणाली. "तो कुठाय?"

तो अगदी शेवटी होता. मागून कुणीतरी हसतं आणि तो आपल्या खऱ्या आवाजात म्हणतो, "बास रे, आई येईल."

ती नक्कल आम्ही त्याच्याच फोनमध्ये घेतली. पुढे सरकवून ऐकणं आईला कधी जमलं नाही. त्याच्यापर्यंत पोचायला दर वेळी तिला आधी स्वतःची सगळी बोलणी ऐकावी लागत. दुपारी ती भिंतीला टेकून ऐकत बसे. मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसे, आणि डब्यापासून 'आई येईल'पर्यंत पान उलटत नसे.