शालिकरामच्या हाताचा गुण

सौसरच्या बाजारात लोक म्हणत, डॉक्टर कोणीही असो, बाटली शालिकरामच्या हातची पाहिजे. यशवंतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात तो एकोणीस वर्षं कंपाउंडर होता. लोक घरून रिकामी बाटली आणत. शालिकराम ती खळखळून धुवी, मिक्श्चर भरी, मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडी आणि ती बाटलीवर चिकटवी. एक खाच, एक डोस. पांढुर्ण्याहून येणारी माणसंसुद्धा सांगत, याच्या हाताला गुण आहे. हे ऐकून ऐकून गडी पार हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला होता. तिथवर ठीक होतं, पण झाडावर बसून तो बोलतही असे.

पंच्याऐंशी सालचा पोळा झाला आणि डॉक्टरांनी एक नवंच काम काढलं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले त्यांचे एक मित्र, मनाच्या भीतीने शरीराचं काय होतं आणि मनाच्या भरवशाने काय होतं, याचा अभ्यास करत होते. त्यांनी लिहिलं होतं, छातीत धडधड आणि वाढलेलं ब्लडप्रेशर असलेले चाळीस रोगी निवडा. निम्म्यांना औषध द्या, निम्म्यांना तसंच दिसणारं, लाल रंगाचं साखरेचं पाणी. कोणाला काय मिळतंय ते रोग्यांना कळू देऊ नका. सहा आठवडे नाडी आणि प्रेशर रजिस्टरात लिहा.

"शालिकराम, ही गोष्ट ह्या खोलीबाहेर जाता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "पाण्यानं उठलेला माणूस, पाणी होतं हे कळलं की पुन्हा पडतो. अन् तेव्हा त्याला उचलणं कठीण जातं."

शालिकरामने मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

पाणी वाट्याला आलेल्यांत लोधीखेड्याचे नत्थूजी होते. संत्र्याचा चांगला बगीचा, घरी बायको केसरबाई, पोरी लग्न होऊन गेलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ बगीच्यातच छातीला हात लावून बसले, ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हापासून नत्थूजींची छाती धडधडू लागली. बगीच्यात एकटं जाणं त्यांनी सोडलं. जामसांवलीच्या मारुतीला शनिवार झाले, उतारे झाले, काही फरक नाही. आणि इथे साखरेच्या पाण्याने एकशेनव्वदचं प्रेशर सहा आठवड्यांत एकशेचाळीसवर आलं. डॉक्टरांनी आकडा दोनदा तपासला. दिवाळीनंतर नत्थूजी स्वतः शिडी लावून संत्री तोडू लागले.

मग एका सकाळी ते टोपलीभर संत्री घेऊन दवाखान्यात आले. शालिकरामच्या टेबलासमोरून सरळ आत गेले, टोपली डॉक्टरांपुढे ठेवली, हात जोडले. परत जातानाही शालिकरामकडे पाहिलं नाही. त्याला ते फार लागलं.

"नत्थूजी, डॉक्टरले टोपलंभर, अन् आमाले सालटं बी नाई?"

नत्थूजी हसले. "अरे, दवाई त्याइची. तू त फक्त बाटली भरणारा."

इथे गप्प बसला असता तर एक जीव वाचला असता. पण गप्प बसेल तो शालिकराम कसला!

"कोनती दवाई? साखरेचं पानी होतं त्याच्यात. सहा हप्ते तेच पेऊन राहिले तुमी. गुण आला तो ह्या हाताचा!"

नत्थूजींचं हसू ओठावर तसंच राहिलं. हात सावकाश छातीवर गेला.

"म्हंजे... मोठ्या भावाचं होतं, ते माह्या छातीत तसंच हाये?"

"अजी, तसं नाई, तुमी बरे झाले ना..." शालिकराम सांगत राहिला. नत्थूजी ऐकत नव्हते. ते छातीचे ठोके मोजत होते.

पाचव्या दिवशी केसरबाई रडत आल्या. माणूस खाटेवरून उठत नाही, जेवत नाही, मनगटावर बोटं ठेवून नुसता मोजत बसतो. डॉक्टर लगेच गेले. प्रेशर दोनशेवीस. नत्थूजींनीच त्यांना विचारलं, पानी होतं का जी? डॉक्टरांनी खाली पाहिलं. परत आल्यावर ते शालिकरामला "खरं औषध भर," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने औषध भरलं. जन्मात इतक्या काळजीने कधी मोजलं नव्हतं. खाचा पाडून पट्टी चिकटवली. बाटली पिशवीत घालून सायकलने तो स्वतः लोधीखेड्याला गेला. नत्थूजींनी बाटली उजेडात धरली.

"तोच रंग हाये."

"खरी दवाई हाये, नत्थूजी. मारुतीची शपथ."

"तवाबी मले खरीच वाटली होती."

बायकोने हातापाया पडून एक डोस पाजला. नंतर त्यांनी बाटलीला हात लावला नाही. शालिकराम रोज संध्याकाळी जाई आणि आधी कोनाड्यातल्या बाटलीकडे पाही. औषध पहिल्या खाचेपाशी होतं, तिथेच होतं. तो विनवण्या करी, नत्थूजी ठोके मोजत राहत. त्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची त्याला भीती वाटू लागली, तरी तो जाई. आठव्या दिवशी गेला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नत्थूजी बसल्या जागीच गेले होते, बोटं मनगटावर.

तेरवी झाली आणि केसरबाई दवाखान्यात आल्या. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. एक खाच सोडून बाकी सगळी भरलेली.

"केसरबाई, माह्यानं चूक झाली," शालिकराम म्हणाला. एवढ्याशा वाक्याला त्याला जवळजवळ महिना लागला होता.

 केसरबाईंनी पदराआडून दुसरी, रिकामी बाटली काढली.

"भाऊ, आता माह्या छातीत बी धडधडून राहिलं. मले बी एक बाटली भरून द्या," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यात काय हाये, ते मले कदी सांगू नका."