साडूंच्या सिनेमातलं झाड

माझ्या साडूंसारखा बिनकामाचा आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस उभ्या ग्वाल्हेरात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पडाव भागात त्यांचं फोटोकॉपीचं दुकान आहे. पण शाळांना नाताळची सुट्टी लागली की ते शटर ओढतात आणि खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आपल्या घरी दहा दिवस सिनेमा काढतात. नाताळचाच सिनेमा, त्यात पऱ्या, बोलणारे प्राणी आणि दर पाच मिनिटांनी गाणं. कॅमेरा म्हणजे मोबाइल, नटमंडळी म्हणजे आम्ही नातेवाईक. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून माझी दहा वर्षांची चारू कायमची नायिका. सुट्टी लागली की ती बिर्लानगरातल्या आमच्या घरातून जी पळते ती मागे वळून बघत नाही. मला याचा राग येतो, असं मी बायकोला सांगतो. खरं म्हणजे मी जळतो.

त्यांच्या करामती काय सांगाव्यात! एका वर्षी बर्फ हवा म्हणून ऐन थंडीत त्यांनी घरातली रजई उसवली आणि सगळा कापूस गच्चीवरून उधळला. मेहुणीने आठवडाभर अबोला धरला, तर हे म्हणतात, "सीन तर बघ एकदा, थंडी विसरून जाशील!" रेनडिअर म्हणून गवळ्याचं पारडू आणलं, डोक्याला बोरीच्या फांद्या बांधल्या, ते पहिल्याच गाण्यात, त्यांच्याकडेच राहणाऱ्या आमच्या सासूबाईंची तुळस खाऊन मोकळं झालं. मग मोबाइल मेहुणीच्या हाती देऊन स्वतः सांताक्लॉज होऊन दारात आले, तर सासूबाई खेकसल्या, "आधी बूट बाहेर काढा, मग काय ती जादू करा!" दुसऱ्या कुणी ते कापलं असतं. यांनी ठेवलं, आणि पुढे सिनेमाभर सांता नुसत्या मोज्यांवर हिंडला. लोक अजून त्यालाच हसतात, आणि नाइलाजाने मीही.

मी शाळेत गाणं शिकवतो. चारूला रोज सकाळी तानपुऱ्यासमोर बसवतो आणि ती तोंडातल्या तोंडात पुटपुटते. एक सूर हलला की मी थांबवतो, दोन हलले की ती रडते. गेल्या वर्षी तर बसायच्या आधीच तिचा घसा दुखू लागला. तेव्हा गेल्या नाताळात मी आपणहून म्हणालो, "गाणी मी बसवून देतो."

साडूंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "नाही भाऊसाहेब, तुम्ही झाड. कद एकदम बढिया आहे तुमचं."

म्हणजे नाताळचं झाड. हिरव्या चादरीत मला आवळून बांधलं, वर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ गुंडाळली. "झाड बोलत नाही. मान पण हलवायची नाही, वरना पूरा शॉट बेकार होऊन जाईल."

रुसलेल्या झाडाला गाऊन जागं करणारी मुलगी, असा प्रसंग होता. चारू समोर आली आणि गायला लागली. खुल्या गळ्याने, हात पसरून! दोनदा पंचम घसरला. माझा हात सवयीने वर जायला निघाला, पण तो चादरीत अडकलेला. तिसऱ्या कडव्यापर्यंत मी पंचम विसरलो. मुलगी माझी, आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. साडूंचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

सुट्टी संपली आणि मी तिला न्यायला गेलो. साडू जिन्याच्या पायरीवर बसून वायरी गुंडाळत होते. नेहमीसारखी एकही थट्टा केली नाही. मान वर न करताच म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं बरं आहे. आम्हाला बस दहा दिवस मिळतात. तुमच्याकडे तर रोज सकाळी गात असेल ना?"

"गाते ना," मी म्हणालो.

"कसं वाटतं हो, रोज ऐकायला?"

आत पिशवी भरता भरता चारू गुणगुणत होती. तिला हाक मारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं आणि साडूंशेजारी पायरीवर बसलो. आतलं गाणं संपेपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.